मीरीची निरीक्षणं आखताना बॅकग्राउंड किती धरायचं?

मंदतारा
जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मीरी या मध्य-अवरक्त उपकरणाने वृषभेतल्या, रोहिणीच्या आसपासच्या काही अंधूक ब्राउन ड्वार्फचं (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या पिंडांचं) इमेजिंग आखतोय. फिल्टर एफ१०००डब्ल्यू, एफ१५००डब्ल्यू आणि एफ२१००डब्ल्यू (१०, १५ आणि २१ मायक्रॉन). ईटीसीत (एक्सपोजरचा वेळ काढायच्या कॅल्क्युलेटरमध्ये) 'लो' बॅकग्राउंड, म्हणजे लक्ष्यामागचा नकोसा उजेड कमी, धरलं तर वेळेत बसतं, 'हाय' धरलं की बसत नाही. एपीटीतली (निरीक्षणं आखायच्या सॉफ्टवेअरमधली) 'बॅकग्राउंड लिमिटेड' अट तिन्ही फिल्टरना लावावी का? आणि ईटीसीचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) हाताने कसा पडताळायचा?

क्रांतिवृत्त
आधी कुठल्या फिल्टरमध्ये काय वरचढ आहे ते बघा. साधारण १२.५ मायक्रॉनच्या आत झोडियाकल धूळ (सूर्यमालेतली, क्रांतिवृत्ताजवळ पसरलेली धूळ) वरचढ, त्यापुढे दुर्बिणीची आणि सूर्यढालीची स्वतःची उष्णता. धुळीचा वाटा तारखेनुसार बदलतो, उष्णतेचा फारसा नाही. म्हणजे तारीख निवडून खरा फायदा एफ१०००डब्ल्यूमध्ये. एफ२१००डब्ल्यूमध्ये जवळपास काहीच नाही.

वेबला सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघता येतं. तुमची लक्ष्यं क्रांतिवृत्ताला लागून आहेत, त्यामुळे वर्षात दोन खिडक्या मिळतात: साधारण जानेवारी मध्य ते मार्चची सुरुवात, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मध्य. ८५ अंशांच्या टोकाला धूळ जास्त उजळ दिसते. म्हणून पहिल्या खिडकीची सुरुवात आणि दुसरीचा शेवट चांगला. ईटीसीत 'लो-हाय' सोडा, लक्ष्याचे निर्देशांक आणि तारीख घाला.

अट लावली की बॅकग्राउंड त्या जागेच्या किमानापेक्षा १० टक्क्यांहून वर जात नाही. फक्त एफ१०००डब्ल्यूसाठी वेगळी व्हिजिट (एका वेळचं सलग निरीक्षण) मात्र करू नका. प्रत्येक नव्या व्हिजिटला दुर्बीण वळवण्याचे १८०० सेकंद तुमच्या खात्यात पडतात. तिन्ही फिल्टर एकत्र ठेवून सगळ्यांनाच अट लावा.

फोटॉनमोजणी
हाताने पडताळणी, उदाहरण एफ१५००डब्ल्यूचं. पिक्सेल ०.११ आर्कसेकंदाचा, ॲपर्चरची (ताऱ्याभोवती मोजणीसाठी आखलेल्या वर्तुळाची) त्रिज्या ०.५ आर्कसेकंद धरली तर त्यात सुमारे ६५ पिक्सेल येतात. बॅकग्राउंड दर पिक्सेलला सेकंदाला १००० इलेक्ट्रॉन माना (आकडा उदाहरणापुरता, तुमचा ईटीसीच्या रिपोर्टमधून घ्या). १००० सेकंदांत ६.५ कोटी इलेक्ट्रॉन, त्याचं वर्गमूळ सुमारे ८०६०. ताऱ्याचे सेकंदाला ४० इलेक्ट्रॉन मिळत असतील तर ४०,०००, म्हणजे एसएनआर ५.

इथेच थांबलात तर फसाल. वजा करायचं बॅकग्राउंड ताऱ्याभोवतीच्या ज्या कड्यातून मोजता त्यालाही नॉइज असतो. कडं १९५ पिक्सेलचं असेल तर नॉइज (१ + ६५/१९५) च्या वर्गमुळाने, म्हणजे १.१५ पट वाढतो आणि एसएनआर ४.३ वर येतो. दोन डिदर (दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या प्रतिमा) एकमेकांतून वजा केले तर १.४ पट. ईटीसीतलं स्काय ॲन्युलस (बॅकग्राउंडचं कडं) तुमच्या फोटोमेट्रीच्या कड्याइतकंच ठेवा. आकडे जुळत नाहीत ते बहुतेक वेळा याच कारणाने. रीड नॉइज (पिक्सेल वाचताना येणारा नॉइज) इथे नगण्य आहे, त्यामुळे बॅकग्राउंड दुप्पट झालं तर त्याच एसएनआरसाठी वेळही दुप्पट लागतो.

मंदतारा
कड्याचं लक्षातच आलं नव्हतं. एफ२१००डब्ल्यूमध्ये ग्रुप किती ठेवू?

फोटॉनमोजणी
लांब तरंगलांबीला नुसत्या बॅकग्राउंडनेच पिक्सेल भरत जातात. रॅम्प (एका इंटिग्रेशनमधली लागोपाठची वाचनं, म्हणजे ग्रुप) आखूड ठेवा, इंटिग्रेशन वाढवा. पण ५ ग्रुपच्या खाली जाऊ नका. पाइपलाइन पहिला आणि शेवटचा ग्रुप टाकून देते, रॅम्पचा उतार काढायला उरतात तीनच. एका फिल्टरचा रॅम्प दुसऱ्याला चिकटवू नका, सॅच्युरेशनचा (पिक्सेल काठोकाठ भरल्याचा) इशारा प्रत्येकाचा स्वतंत्र बघा.

क्रांतिवृत्त
एक राहिलं. ईटीसीच्या बॅकग्राउंड मॉडेलला वृषभेतल्या ढगांचे बारीक पदर दिसत नाहीत, जवळच्या तेजस्वी ताऱ्याचा विखुरलेला प्रकाशही त्यात नाही. प्रत्येक लक्ष्याभोवतीची वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीची १२ मायक्रॉनची प्रतिमा उघडा. तिथे तेजोमेघाच्या उजेडाचा उतार (एका बाजूकडून दुसरीकडे बदल) दिसला तर एकसारखं कडं चालणार नाही. त्या लक्ष्याला चार बिंदूंचं डिदर द्या आणि बॅकग्राउंड ताऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मोजा.