ट्रिप्टोफॅनच्या मॉडेलमध्ये दोलनं टिकत नाहीत

रेवा_बायोकेम
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ई. कोलाय या जीवाणूचा ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन घेतलाय, म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट. चलं तीनच: एमआरएनए (जनुकाची नक्कल), त्यावरून बनणारं एन्झाइम, आणि ते बनवतं ते ट्रिप्टोफॅन. ट्रिप्टोफॅन साठलं की जनुक बंद. जनुक बंद करणाऱ्या प्रथिनाला, रिप्रेसरला, त्याचे दोन रेणू चिकटतात, म्हणून हिल गुणांक (जनुक किती झटक्यात बंद होतं त्याचा आकडा) 2 धरला. पायथनमध्ये चालवलं की एक-दोन लाटा उठतात आणि आलेख सपाट होतो. गुणांक वाढवत नेऊ का?

लोलक
हे गुडविनचं 1965 चं मॉडेल झालं. तिन्ही ऱ्हास एकरेषीय (साठ्याच्या प्रमाणात) असतील तर दोलनं टिकायला गुणांक 8 च्या वर लागतो, ग्रिफिथने 1968 मध्येच दाखवलंय. ऱ्हासदर सारखे धरून बघ: फेरा पुरा व्हायला एकूण 180 अंशांचा उशीर हवा, म्हणजे दर टप्प्याला 60. तेवढ्या उशिरात लाट निम्मी होते. तीनदा निम्मी म्हणजे एक अष्टमांश, ते भरून काढायला 8. दर वेगवेगळे असतील तर आणखी जास्त.

पेशीवाली ताई
रेवा, गुणांकाला हातही लावू नकोस. 9 टाकलास तर लाटा येतील, पण त्या ट्रिप्टोफॅनच्या नसतील. तुझ्या तिसऱ्या समीकरणातला खर्च बघ. ट्रिप्टोफॅन वापरलं जातं ते प्रथिनं बनवायला, आणि ते काम एन्झाइम करतं. एका मर्यादेपुढे साठा कितीही वाढला तरी खर्च वाढत नाही. म्हणून kT (साठा T च्या प्रमाणात वाढणारा खर्च) च्या जागी मायकेलिस-मेंटेनचं, म्हणजे अशी कमाल मर्यादा असलेलं, पद घाल. साठ्याला जागेवर खेचणारा जोर तिथेच ढिला पडतो. ब्लिस, पेंटर आणि मार यांनी 1982 मध्ये हेच केलं. गुणांक 1 असतानाही दोलनं मिळाली.

रेवा_बायोकेम
ताई, जमलं! साठा Km च्या (ज्या साठ्याला खर्च कमाल मर्यादेच्या निम्मा होतो त्याच्या) बराच वर ठेवला आणि लाटा थांबेचनात. मग खऱ्या पेशीतही हे होत असणार ना?

पेशीवाली ताई
घाई नको, खरी गंमत इथेच आहे. ट्रिप्टोफॅन जनुक बंद करतं, शिवाय ट्रिप्टोफॅन बनवणाऱ्या साखळीतल्या अँथ्रानिलेट सिंथेज या एन्झाइमलाही थेट रोखतं, आणि तेही लगेच, एमआरएनए झिजायची वाट न बघता. हे पद घातलंस की लाटा विरताना दिसतील. मला तर हा दुहेरी लगाम त्यासाठीच आहे असं वाटतं. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लाव, तोच तुझ्या प्रोजेक्टचा गाभा.

लोलक
आणि मुद्दाम घडवलेली दोलनं हवी असतील तर लियाओ यांच्या गटाचा 2005 चा मेटाबोलेटर, म्हणजे जनुकं आणि चयापचय जोडून घडवलेला दोलक, वाच. जीवाणू तोच, पण तिथे चयापचयातला ॲसिटिल फॉस्फेट हा रेणू जनुकांना चालू-बंद करतो, आणि ग्लायकोलिसिसचा (ग्लुकोज तोडण्याच्या प्रक्रियेचा) ओघ जोरात असला तरच लाटा उठतात.