भय तळघरात की कातडीत?
निसर्गेतिहास संग्रहालयातील अतिमानुष रहस्यकथेला तळघरातला अंधार पुरेसा आहे, हे मत मला अपुरे वाटते. पूर्वी पेंढा भरलेल्या प्राण्यांची कातडी किडीपासून वाचवण्यासाठी तिला आतून सोमलयुक्त, म्हणजे आर्सेनिक हे विष असलेला, साबण चोळत असत, आणि तो सोमल दशकानुदशके तसाच टिकतो. त्यामुळे नमुने हाताळणारा सेवक आजारी पडला, तर तो शापाने की विषाने, हा संशय लेखकाला शेवटच्या प्रकरणापर्यंत ताणता येतो. आमच्या बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्या बरगड्यांसमोर मान आपोआप वर जाते. अशी कादंबरी इथे घडावी, असे मला मनापासून वाटते. ममीही तिथे आहे, पण तिचे भूत मात्र नको. ते फार वापरून झाले आहे.