मदत हवी आहे: पुरवठा अडला की तेलाची भाववाढ टिकेल की ओसरेल, हे कसं ताडायचं?

पिंपमोजणी:
तेलाचा भाव आणि महागाई यांचं गणित एक्सेलमध्ये मांडतोय. सप्टेंबर २०१९ मध्ये अबकैक या सौदी तेलप्रक्रिया केंद्रावरच्या हल्ल्यात सौदीचं रोजचं सुमारे ५७ लाख पिंप उत्पादन थांबलं. ब्रेंट (कच्च्या तेलाचा जागतिक मापदंड भाव) एका दिवसात जवळपास १५ टक्के उसळलं आणि महिना संपायच्या आत पूर्वपदावर आलं. २०२२ मध्ये बाजारातून तेवढं तेल गेलंही नाही, तरी महागाई ठाण मांडून बसली. हा फरक कोणत्या आकड्यात पकडू?

सुकाणू:
आधी 'बुडालेलं' आणि 'उशिरा येणारं' तेल वेगवेगळ्या रकान्यांत घाला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली जहाजं केप ऑफ गुड होपमार्गे वळली, प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. समजा, रोजचे २० लाख पिंप १२ दिवस उशिरा येताहेत. म्हणजे २.४ कोटी पिंप जास्तीचे पाण्यावर. हा खड्डा एकदाच पडतो आणि साठ्यातून भरून निघतो.
आता भाडं. १० लाख पिंपांचं सुएझमॅक्स (सुएझ कालव्यातून जाऊ शकेल एवढं मोठं तेलवाहू जहाज) दिवसाला ५०,००० डॉलर धरलं, तर १२ दिवसांचे ६ लाख, पिंपामागे ६० सेंट. विमा आणि इंधन त्यावर. सुएझ कालव्याचा टोल मात्र वाचतो. बातम्यांतल्या आरड्याओरड्याच्या मानाने किरकोळच.
होर्मुझला, म्हणजे आखाती तेल बाहेर पडतं त्या सामुद्रधुनीला, हे गणित लावू नका. तिथे समुद्रातून वळसाच नाही आणि नळवाहिन्यांची क्षमता तोकडी.

गाळणी:
सुकाणू यांचं बरोबर, पण नुसत्या ब्रेंटवर २०२२ जुळणार नाही. तेव्हा खरी टंचाई डिझेलची होती: युरोप रशियन डिझेलवर विसंबून आणि २०२० नंतर बऱ्याच रिफायनऱ्या बंद पडलेल्या. डिझेलचा टनाचा भाव ७.४५ ने (एका टनातली पिंपं) भागा, त्यातून ब्रेंट वजा करा. ही तफावत, म्हणजे क्रॅक, वेगळ्या रकान्यात ठेवा. ट्रक, ट्रॅक्टर, जहाजं सगळी डिझेलवर, त्यामुळे ती पार धान्यापर्यंत झिरपते.

पिंपमोजणी:
हे सगळं महागाईत उतरायला किती महिने धरू?

गाळणी:
एकच आकडा धरलात तर फसाल. पंपावरचे दर जिथे बाजाराशी बांधलेले आहेत तिथे काही आठवडे. सरकार दर रोखून धरत असेल तर तो बोजा तिजोरीवर किंवा तेल कंपन्यांवर जातो, महागाईच्या निर्देशांकात दिसतच नाही. थेट परिणाम सोपा: निर्देशांकात इंधनाचा भार ५ टक्के, पंपावरच्या दरात कच्च्याचा वाटा निम्मा, कच्चं २० टक्के चढलं, तर महागाई ०.५ टक्केबिंदूंनी वाढते. जहाजभाडं मात्र सावकाश मुरतं. नाणेनिधीच्या २०२२ च्या अभ्यासात भाडं दुप्पट झाल्यास महागाई सुमारे ०.७ टक्केबिंदूंनी वाढते आणि परिणामाचा कळस वर्षभराने येतो.

सुकाणू:
आणि वार्षिक दर वापरत असाल तर एक खोट लक्षात ठेवा. भाव चढाच राहिला तरी बाराव्या महिन्यानंतर त्याचा थेट वाटा शून्य होतो, कारण तुलनेचा पायाच वर सरकतो. मॉडेल तिथे 'धक्का ओसरला' म्हणेल. म्हणून मासिक बदलावर चालवा, हंगामी चढउतार काढून.