‘फेटल’ (fettle) या जुन्या इंग्रजी बोलीतल्या शब्दाचं मूळ काय?

पानउलट्या:
‘इन फाइन फेटल’ म्हणजे ठणठणीत, एवढं कुठल्याही शब्दकोशात मिळतं. पण ओतकामाच्या पुस्तकात ‘फेटलिंग’ म्हणजे ओतीव भागाची साफसफाई, चिनी मातीच्या कामात शिवण काढणं, आणि लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांवरच्या मजकुरात तर फेटलिंग हा भट्टीत थापायचा माल आहे. शब्द एकच आहे का? आणि बेडी या अर्थाचा ‘फेटर’ त्याचाच भाऊबंद का?

धातुपाठ:
शब्द एकच. मुळाशी धरतात तो प्राचीन इंग्रजीतला ‘फेटेल’, म्हणजे कमरेचा पट्टा. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘फेटिल’. त्यावरून मध्य इंग्रजीत ‘फेटलेन’ हे क्रियापद: आधी पट्टा आवळून सज्ज होणं, मग कुठलीही गोष्ट जागच्या जागी नीट लावणं. आपण ‘कंबर कसली’ म्हणतो तेव्हा तरी पट्टा कुणाच्या डोळ्यांसमोर येतो? ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या 14व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या काव्यात पाच-पाच गुणांचे पाच संच गवेन या सरदाराच्या ठायी ‘फेटल्ड’ आहेत, म्हणजे पक्के बसवलेले. त्या काव्याची बोली वायव्य मिडलंड्सची, म्हणजे मध्य इंग्लंडच्या वायव्य भागातली.

‘अवस्था’ या अर्थाचं नाम बरंच उशिरा, 18व्या शतकात येतं. प्रमाण इंग्रजीत ते ‘फाइन’च्या सोबतीनंच तगलं, माझ्या मते त्यात फ-फच्या अनुप्रासाचा वाटा मोठा. इंग्लंडच्या उत्तरेत मात्र क्रियापद अजून जिवंत आहे. यॉर्कशर-लँकशरमध्ये सायकल फेटल करतात, म्हणजे दुरुस्त करतात. ‘आय्ल फेटल दी’ ही धमकी, हुबेहूब आपलं ‘थांब, तुला सरळ करतो’. नॉर्थम्बरलंडकडे ‘व्हॉट फेटल?’ म्हणजे ‘काय, कसं काय?’

फेटरचा संबंध नाही. तो ‘फूट’च्या, म्हणजे पायाच्या घराण्यातला.

ओली माती:
स्टोक-ऑन-ट्रेंट या इंग्लंडमधल्या चिनी मातीच्या शहरातल्या कारखान्यांत ‘फेटलर’ हा कामगारच वेगळा असे. साच्यातून निघालेल्या भांड्यावर साच्याच्या जोडाची उभी रेघ उठते, ती काढायची. माती चामड्याइतकी कडक झाली की पातळ लवचिक पात्याची सुरी जवळजवळ आडवी धरून रेघ खरवडायची, मग ओलसर स्पंज एकदाच फिरवायचा. स्पंज जास्त घासला तर बारीक माती धुऊन जाते, भरड कण वर येतात आणि ग्लेझखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाखाली, खरखर लागते. रेघ खरवडून सपाट केली तरी भाजल्यावर पुन्हा डोकावते, कारण जोडापाशी मातीचे कण वेगळ्या दिशेनं बसलेले असतात. म्हणून खरवडल्यावर सुरीच्या पाठीनं ती जागा दाबून घ्यायची. आणि पूर्ण सुकलेलं भांडं कोरडं घासू नका. त्या धुळीत सिलिका असते. तीच फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो.

रायझरतोड्या:
ओतकामात क्रम असा: वाळू झटकणं, रनर (रस साच्यात नेणारी वाट) आणि रायझर (भाग थिजताना त्याला रस पुरवणारा जादा खांब) तोडणं, शॉट ब्लास्टिंग म्हणजे धातूच्या बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग साफ करणं, शेवटी ग्राइंडरनं फिन (साच्याच्या फटीत शिरलेली पातळ कड) आणि उरलेले खुंट काढणं. बिडाच्या भागाचा रायझर हातोड्यानं तुटतो, पण मानेला, म्हणजे तो भागाला जोडलेला असतो त्या अरुंद जागेला, आधी खाच हवी. मान जाड राहिली किंवा घाव भागाच्या दिशेनं बसला, तर तुकडा भागातूनच उचकटून येतो आणि सगळा भाग भंगारात.

भट्टीतल्या मालाचं कोडंही याच अर्थानं सुटतं. बिडापासून घडाऊ लोखंड करायच्या पडलिंग भट्टीचा तळ आणि कडा लोहाच्या ऑक्साइडनं लिंपून ‘नीट लावत’. बिडातला कार्बन जाळायला त्यातला ऑक्सिजन खर्ची पडे, थर झिजे आणि लिंपण पुन्हा करावं लागे. क्रियेचं नाव मालालाच चिकटलं.

पानउलट्या:
जिल्हावार अर्थ कुठे बघू?

धातुपाठ:
जोसेफ राइटचा इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी, 1898 ते 1905, सहा खंड. तुमचा शब्द दुसऱ्या खंडात, डी ते जी. प्रत्येक अर्थापुढे परगण्याची लघुरूपं आहेत. यादी आधी बघून घ्या, नाहीतर पूर्व आणि पश्चिम यॉर्कशरची गल्लत होते. जुन्या मजकुरात शोधताना दोन टी, एक टी आणि शेवटी ‘एल-ई’ऐवजी ‘ई-एल’ किंवा ‘आय-एल’ ही स्पेलिंगंही टाकून पाहा. ऑस्ट्रेलियन कागदपत्रांत ‘फेटलर’ दिसला तर तो रूळ दुरुस्त करणारा रेल्वे कामगार, कुंभार नव्हे.