यार्निंग सर्कलमध्ये मुले गप्प का बसतात?

प्रश्न
नमस्कार. सिडनीच्या पश्चिम उपनगरातील एका सरकारी शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात नेपाळी, अरबी, सामोअन आणि दोन मराठी घरांतील मुले आहेत. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी, समाजाच्या सहभागातून तयार झालेली ‘एट वेज’ ही आठ अंगांची शिक्षणपद्धत वाचून मी यार्निंग सर्कल, म्हणजे गोल बसून गोष्टी सांगण्या-ऐकण्याचा तास, सुरू केले, परंतु दरवेळी तीच तीन मुले बोलतात. स्थलांतरितांच्या मुलांसाठी ही पद्धत वापरणे मुळात योग्य आहे का, आणि असल्यास माझे कुठे चुकते आहे?

पहिले उत्तर
मुलांना गोल बसवले, तरी प्रश्न आपणच विचारत राहिलो आणि उत्तराची घाईही आपल्यालाच असली, तर तो नेहमीचाच वर्ग राहतो. नॉर्दर्न टेरिटरीतील डेली रिव्हर येथील अ‍ॅबोरिजिनल शिक्षिका मिरियम-रोज उन्गुन्मेर-बाउमन ज्याला ‘दादिरी’ म्हणतात, त्या शांत, खोल ऐकण्यात गप्प राहणाऱ्याला काही येत नाही असे धरलेले नसते. शिवाय ‘एट वेज’च्या आठ अंगांपैकी गोष्ट सांगणे हे एकच. नकाशा, चिन्हे, शब्दांवाचून शिकणे हीही त्यातच आहेत. माझ्या वर्गात तीन आठवडे न बोललेल्या एका मुलाला मी निबंधाची वाट नदीसारखी रेखाटायला सांगितली, त्याने मधोमध आजोबांच्या गावचा पूल काढला आणि बोट ठेवून म्हणाला, “इथून माझं मत बदलतं.” परिच्छेद कुठे पाडायचा, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

दुसरे उत्तर
पद्धत अवश्य वापरावी. मात्र अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या पवित्र कथा आणि चिन्हे उचलू नयेत. ठिपक्यांची चित्रे गिरवून घेण्याचा उपक्रम मला तर खटकतोच: ती चित्रशैली 1971 पासून मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्याच्या वाळवंटी प्रदेशातून पुढे आली, आणि पश्चिम सिडनी ही धारूग या वेगळ्या अ‍ॅबोरिजिनल लोकांची भूमी आहे. मराठी मुलांच्या घरी ठिपक्यांची रांगोळी असताना दुसऱ्यांचे ठिपके कशाला गिरवायचे? एखाद्या आजीला वर्गात बोलवा. आणि आरंभी शाळेतील किंवा परिसरातील अ‍ॅबोरिजिनल शिक्षण अधिकाऱ्यांशी बोला; भूमीशी आणि समाजाशी जोड ही दोन अंगे पुस्तकातून येत नाहीत.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. अधिकाऱ्यांना सोमवारी भेटते. एका विद्यार्थिनीच्या आजी यायला तयार आहेत, पण त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही. चालेल ना?

पहिले उत्तर देणारे
उत्तमच. त्यांना फक्त रांगोळी घालू द्या, आणि मध्ये भाषांतर करू नका.