वेल्डिंग टिकत नाही, टाका देखणा पण तुटतो – मदत हवी आहे (अर्जंट)

माळरान_माळशिरस
नमस्कार मंडळी. वेल्डिंग टिकत नाहीये. टाका (वेल्डिंगचा सांधा) दिसायला झकास पडतो, खपली (टाक्यावरचा कडक थर) एका फटक्यात निघते, भोकं-बिकं काही नाहीत. पण रानात थोडा वेळ चाललं की खटकन तुटतं. अँपिअर वाढवून बघितले, कमी करून बघितले, डबल रन मारला. मृग तोंडावर आलाय, कामं खोळंबलीत. मशीन नवीनच आहे. काय करू ते लवकर सांगा.

वळणवाट
दादा, तुटतंय काय? गेट, ट्रॉली, बैलगाडी? रॉड कुठला, किती अँपिअर, लोखंड किती जाडीचं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

माळरान_माळशिरस
कल्टिव्हेटरचे फण हो. रॉड दुकानात मिळतो तो साधा, दहा नंबर. ११० वर ठेवतो. मशीन २०० अँपिअरचं इन्व्हर्टर.

धूरकांडी
रॉडचा जमाना गेला. सीओटू मशीन (गॅसच्या आडोशात तार वितळवणारं) घ्या. खपली नाही, ठोकाठोक नाही, टाका एकसारखा. मी घेतल्यापासून रॉडचं मशीन धूळ खात पडलंय.

शेड_नंबर_३
@धूरकांडी, त्यांच्या टाक्यात खोट असती तर एक वेळ पटलं असतं. आणि शेतात उघड्यावर वारा सुटला की सीओटूचा गॅस उडून जातो, टाक्याला चाळणीसारखी भोकं. रॉडचं मशीन उचलून बांधावर नेता येतं. सिलिंडर कोण नाचवणार?

धूरकांडी
आडोसा करायचा. ताडपत्री कशाला असते?

शेड_नंबर_३
तुम्ही शेतात कधी वेल्डिंग केलंय का?

वीजवाहक
व्होल्टेज बघितलं का? शेतातली लाइट १७० वर येते, त्यात लोक घरापासून बारीक वायरची लांब एक्स्टेन्शन ओढतात. मशीनवर आकडा ११० दिसतो, पण रॉडला तेवढे मिळतात कुठे? टाका वरवर बसतो, माल खाली उतरतच नाही.

माळरान_माळशिरस
लाइट ठीक आहे, शेड मीटरला लागूनच आहे. सगळ्यांना विनंती, मशीन बदला असलं सांगू नका, आत्ताच घेतलंय.

जुना_टर्नर
मला एकच सांगा. तडा टाक्याच्या मधोमध जातो, की टाक्याला लागून कडेने?

माळरान_माळशिरस
काका, कडेने. टाका जशाच्या तसा पट्टीला चिकटून राहतो, फण मात्र सुटून येतो. तुटलेली जागा करड्या दाण्यांची दिसते, चकाकते. फोटो अपलोड होत नाहीये.

जुना_टर्नर
म्हणजे टाका बरोबर आहे, फणाचं लोखंड दगा देतंय. फण विकतचे की घरी केलेले?

माळरान_माळशिरस
विकतचे वाकले. मग भंगारातून ट्रकचे कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे) आणले आणि लोहाराकडून वाकवून घेतले. त्याने काय फरक पडतो, लोखंड ते लोखंडच ना? उलट पाटा जास्त मजबूत. आणि हो, परवा तीन फण जोडून बादलीत विझवून शेडमध्ये ठेवले होते. रात्री टिक असा आवाज आला. सकाळी बघतो तर एकाला तडा, रानात न नेताच!

रंगारी
वेल्डिंग झाल्यावर लगेच रेड ऑक्साइड मारत जा, नाहीतर टाक्यात गंज शिरतो. आमच्याकडे कोणी मारत नाही, मग बोंबलतात.

जुना_टर्नर
ही पाट्याची गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती. आता शांतपणे वाचा.

साध्या लोखंडात, म्हणजे तुमच्या पट्टीत नि अँगलमध्ये, कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. कमानपाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही जास्त. तेवढा कार्बन असला की लाल झालेलं पोलाद भरकन थंड होताना कडक आणि काचेसारखं ठिसूळ होतं. लोहार पहारीला पाणी देतो तो याचसाठी. तुम्ही टाका मारता तेव्हा त्याच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा लालबुंद होतो आणि शेजारचा गार पाटा त्याची उष्णता ओढून घेतो, म्हणजे नकळत पाणी दिल्यासारखंच. वर तुम्ही बादलीत विझवता, मग तर बोलायलाच नको. रानात दगडाला अडकला की तोच पट्टा तुटतो. अँपिअरचा इथे संबंध नाही.

रात्रीचा आवाज भुताचा नाही, हायड्रोजनचा. साध्या ६०१३ रॉडच्या (दुकानात सर्रास मिळतो तो) आवरणात ओल असते, तिच्यातून हायड्रोजन टाक्यात शिरतो, हळूहळू त्या कडक पट्ट्यात जमतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, तडा पाडतो. रॉड कितीही कोरडा ठेवा, ६०१३ मध्ये हे पूर्ण टळत नाही.

तेव्हा बादली आधी बंद. रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा) घ्या, शक्यतो सीलबंद पाकीट. फोडल्यावर त्याच दिवशी वापरा. उघडे पडलेले असतील तर ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावे लागतात, उन्हात ठेवून भागत नाही. तुमचं मशीन डीसी आहे, ७०१८ ला होल्डर प्लसला लावा. जोडायची जागा ग्राइंडरने पांढरी करा आणि टाका मारायच्या आधी पाटा भात्यावर २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसला तरी चालतं. पांढऱ्या केलेल्या जागेवर रंग चढतो तो बघा: फिकट पिवळा आला की सव्वादोनशेच्या आसपास, जांभळा होऊन निळा दिसला की तीनशेजवळ. निळ्याच्या अलीकडे थांबा. सगळे टाके त्या गरमीतच पुरे करा आणि लगेच कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरा. हात लावण्याजोगं होईपर्यंत काढू नका. रात्रभर राहिलं तर उत्तम.

धूरकांडी
निकेल रॉड वापरा, तापवायची भानगडच नाही.

जुना_टर्नर
निकेल रॉड बीडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी. पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक. पाट्याला तो कशाला?

शेड_नंबर_३
३१२ स्टेनलेस रॉड चालतो, आम्ही पाट्याला तोच मारतो. टाका चिवट राहतो, तडा सहसा जात नाही.

जुना_टर्नर
चालतो. पण त्या एका रॉडच्या पैशात ७०१८ चे कितीतरी येतात, आणि कडेचा पट्टा त्यानेही कडक होतोच. तापवणं काही चुकत नाही.

शेड_नंबर_३
काका, आमचे विनातापवता कधीच गेले नाहीत.

जुना_टर्नर
तुमचे पाटे कुठल्या गाडीचे, किती जाडीचे, फण मुरमात चालतात की काळ्या रानात? सगळीकडे एकच माप लागत नाही.

नीलम_फॅब
मध्येच बोलते, पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. पाटा वेल्ड करायचाच कशाला? आमचं शिरोलीला फॅब्रिकेशनचं शेड आहे, शेतकरी अवजारं घेऊन येतात. आम्ही पाट्याला टाका मारतच नाही. खाली-वर पट्टी देऊन नट-बोल्टने आवळतो. ट्रकच्या पाट्याला मधोमध सेंटर बोल्टचं भोक बहुतेक असतंच, ते वरच्या टोकाला येईल असा पाटा तोडा. दुसरं भोक पाडायला ड्रिल बिट चालत नाही, जळतो. लोहाराकडून फक्त वरचं टोक लाल करून राखेत मुरवून घ्या, मग बिट जातो. खालच्या टोकाला हात लावू नका, तिथला कडकपणा जमिनीत घासायला हवाच. फण झिजला की बोल्ट काढून बदलता येतो, दरवेळी ग्राइंडर नको.

जुना_टर्नर
ताईंचं बरोबर आहे. बोल्टने जमत असेल तर माझं वरचं सगळं विसरा.

माळरान_माळशिरस
ताई, बोल्ट ढिले होतात ना रानात? आणि एकच बोल्ट असला तर फण फिरणार.

नीलम_फॅब
म्हणूनच दोन. हार्डवेअरमधला साधा बोल्ट घेऊ नका, हाय टेन्साइल मागा, डोक्यावर ८.८ असतं. वर डबल नट. पहिल्या दिवशी तासाभराने पाना फिरवून बघा, तोवर पट्ट्या एकमेकींवर बसतात नि बोल्ट थोडा सैल पडतो. नंतर सहसा हलत नाही. पट्टीपासून फ्रेमपर्यंतचं वेल्डिंग साधं लोखंड ते साधं लोखंड, ते तुमच्या दहा नंबरने खुशाल करा.

कोवळा_हात
विषयांतर होतंय, पण मीही नवीन शिकतोय. काल चष्मा न लावता टॅक (छोटे तात्पुरते टाके) मारले, रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. बटाट्याच्या चकत्या ठेवल्या तर चालतील का?

शेड_नंबर_३
डोळ्यावर बटाटा, दूध, काही घालू नका. स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, दुखणं राहिलं किंवा धूसर दिसलं तर डोळ्यांचा डॉक्टर गाठा. यापुढे हेल्मेटला १० किंवा ११ नंबरची काच. एक टॅक असला तरी.

रंगारी
आणि रेड ऑक्साइडचं कोणी मनावर घेतलं नाही.

माळरान_माळशिरस
काका, ताई, आभार. लोहाराशी बोललो. तो म्हणाला राख भरपूर आहे, पण चुलीची राख ओली नको, आधी वाळवून आणा. चार फणांना सेंटर बोल्टचं भोक सापडलं, ते बोल्टवर घेतो. उरलेले पाटे तोडताना भोकाचा भाग गेला, ते ७०१८ ने तापवून करतो. तालुक्याला ७०१८ चं पाकीट मिळालं, पण उघडलेलं होतं, घेतलं नाही. उद्या अकलूजला बघतो. बोल्ट किती जाडीचा लागेल?

नीलम_फॅब
सेंटर बोल्टचं भोक आहे त्याच मापाचा, भोक मोठं करत बसू नका. दुसरं भोकही तेवढंच पाडा. आणि दोन भोकांत निदान दोन इंच अंतर ठेवा, जवळ घेतली तर पाटा तिथेच तुटेल.