मदत हवी आहे: डकोटा, दिल्ली ते श्रीनगर, बनिहालच्या अलीकडे दरवेळी स्पीड जातोय

नमस्कार मंडळी,

थोडं लांब लिहितेय, आधीच सांगते. फ्लाइट सिम (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) मी दोनेक वर्षं खेळतेय, बहुतेक वेळ छोटी सेसना, नाशिक-पुणे, पुणे-गोवा वगैरे. सिममधली डकोटा (जुनं दोन इंजिनांचं विमान) घेतली ती बाबांसाठी. बाबा एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होते, पासष्ट साली भरती झाले आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं डकोटावरच काढली. आता ब्याऐंशीचे आहेत, गुडघ्यांमुळे बाहेर फारसं जाणं होत नाही, पण मी स्पीकरवर इंजिन चालू केलं की आतल्या खोलीतून उठून येतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात.

तर २७ ऑक्टोबरला मला त्यांना एक फ्लाइट दाखवायचीये. १९४७ ला त्याच दिवशी सकाळी दिल्लीहून डकोटा पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरल्या होत्या, तोच रूट. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून (तेव्हाचं विलिंग्डन) उठायचं, पठाणकोट, जम्मू, मग बनिहाल खिंडीवरून काश्मीर खोऱ्यात.

माझ्याकडच्या डकोटात दोन कॉकपिट येतात. एक जुनं, स्पेरीचा ऑटोपायलट आणि गोल घड्याळं, आणि दुसरं नवीन, त्यात गार्मिन ५३० हा जीपीएस आणि आजच्यासारखा ऑटोपायलट. डोंगर आहेत म्हणून मी नवीन घेतलं, आणि अडचणी तिथेच आहेत.

एक म्हणजे ५३० मध्ये सगळा रूट भरते, गुलाबी रेष नीट दिसते, पण ऑटोपायलटचं नॅव्ह बटण (म्हणजे रूट धरून चाल) दाबलं की विमान रेषेवर न जाता भलतीकडेच डावीकडे वळत राहतं. हेडिंगवर (नुसती ठरलेली दिशा) टाकलं की गुपचूप सरळ जातं.

दुसरी अडचण मोठी. उधमपूरपर्यंत ५००० फुटांवर जाते, तिथून ऑटोपायलटला मिनिटाला ८०० फूट चढ दिला की सुरुवातीला मस्त चढतं, मग ९-१० हजारांच्या आसपास स्पीड १३० वरून ११०, ९०, ८० असा उतरत जातो आणि समोर पीर पंजाल उभा. चार वेळा झालं. दोनदा स्टॉल होऊन (वेग संपून पंखांचा आधार सुटून) पडले, दोनदा कशीबशी वळून जम्मूला परत आले. बाबा काही बोलत नाहीत पण त्यांना ते बघवत नाही हे मला कळतं.

आणि तिसरं, हे जरा मनातलं आहे. जुन्या विमानात जीपीएस लावून हा रूट उडवणं म्हणजे त्या लोकांचा मान कमी करणं आहे का? त्यांच्याकडे नकाशा, होकायंत्र आणि डोळे एवढंच होतं. मनात येत राहतं म्हणून विचारतेय.

प्रतिसाद

ताई, पहिला प्रश्न दोन मिनिटांचा आहे. ५३० वर खाली सीडीआय नावाचं बटण असतं. स्क्रीनवर व्हीएलओसी असं दिसत असेल तर ऑटोपायलट जीपीएसच्या रेषेमागे जात नाहीये, तर रेडिओवर जे व्हीओआर (जमिनीवरचं दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) लागलंय त्याची सुई धरून चाललाय. ते बटण एकदा दाबा, जीपीएस आलं पाहिजे, मगच नॅव्ह. दुसरं, ओबीएस बटण चुकून दाबलं गेलं तर ओबीएस असं दिसतं आणि पुढचा वेपॉइंट (रूटवरचा टप्पा) आपोआप येत नाही, ते पण बघून घ्या, पठाणकोट ओलांडल्यावर विमान सरळच जात राहिलं तर कारण तेच.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, माझं पण असंच व्हायचं. एक प्रश्न आधी: चढताना तुम्ही थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) किती वेळा हलवता?

धागाकर्तीचं उत्तर

दादा, हलवत नाही. क्रूझला (सरळ उडताना) मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, ३० इंच आणि २०५० आरपीएम लावते आणि तसंच ठेवते. सेसनाला तर चढताना थ्रॉटल पूर्ण पुढेच असतो, इथे इंजिन खराब होईल अशी भीती वाटते म्हणून कमी ठेवलं.

प्रतिसाद

मग कारण सापडलं. दोन गोष्टी एकत्र होतायत. वर जाल तशी हवा विरळ होते, त्यामुळे थ्रॉटल जागच्या जागी ठेवला की मॅनिफोल्ड प्रेशर उतरत जातं, ढोबळमानाने दर हजार फुटाला एक इंच धरा. म्हणजे ५००० ला ३० इंच लावलेत तर १०००० ला तुमच्याकडे २५ च्या आसपासच उरलेत, आणि तेही चढावर. आणि ऑटोपायलटचा जो व्हर्टिकल स्पीड मोड आहे त्याला विमानाच्या वेगाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला ८०० सांगितलेत की तो ८०० साठी नाक वर वर करत जाणार, स्टॉल होईपर्यंत. आधुनिक जेटला ताकद असते म्हणून तिथे हे खपून जातं. डकोटाची दोन इंजिनं प्रत्येकी १२०० हॉर्सपॉवरची, भरलेलं विमान, १०००० फुटांवर ८०० चा चढ तिला झेपणारच नाही.

चढताना २३५० आरपीएम आणि ३६ इंच ठेवा आणि दर हजार फुटाला थ्रॉटल थोडा पुढे करून ३६ वर आणत रहा. एका उंचीनंतर थ्रॉटल पूर्ण पुढे असूनही प्रेशर पडायला लागेल, ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. आणि नजर व्हर्टिकल स्पीडवर नाही, एअरस्पीडवर. १०५ नॉट्सच्या (तासाला सागरी मैल) खाली जायला लागलं की चढ कमी करा, ५०० चा ३००, ३०० चा २००.

मुख्य म्हणजे चढ उशिरा सुरू करताय. पठाणकोटलाच सुरू करा. ५००० वरून १३००० म्हणजे ८००० फूट, मिनिटाला ३०० ने सत्तावीस मिनिटं, १२० नॉट्सला साधारण ५४ सागरी मैल. पठाणकोट ते जम्मूच ४८ च्या आसपास आहे. म्हणजे जम्मू मागे टाकून थोडं पुढे जाताय तोवर तुम्ही वर, आणि बनिहाल खिंड ९३०० फुटांची, तिच्यावर साडेतीन हजार फूट हातात. ५३० मध्ये व्हीनॅव्हचं पान आहे, त्यात उंची आणि कुठल्या वेपॉइंटच्या किती मैल आधी ते भरलं की किती चढ लागेल ते दाखवतं. फक्त दाखवतं हां, ऑटोपायलटला ते जोडलेलं नसतं, हाताने लावायचं. आणि टेरेनचं पान उघडं ठेवा, लाल म्हणजे तो डोंगर तुमच्याहून उंच किंवा शंभर फुटांच्या आत, पिवळा म्हणजे हजार फुटांच्या आत. समोर लाल दिसत असताना पुढे जायचं नाही, तिथेच गोल फिरून उंची घ्यायची, जम्मूच्या मैदानावर भरपूर जागा आहे.

प्रतिसाद

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ताई, मनातून काढून टाका. एअरफोर्सच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये (जुन्या विमानांच्या तुकडीत) जी डकोटा आहे, परशुराम नावाची, व्हीपी ९०५ नंबरची, ती २०१८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी, बहरीन, ओमान करत जामनगरला आली आणि तिथून हिंडनला, ४ मे ला रीतसर दाखल झाली. भंगारातून उचलून पुन्हा उभं केलेलं विमान. आजच्या हवाई हद्दीतून एवढे देश ओलांडायचे तर आजचे रेडिओ आणि ट्रान्सपाँडर लागतातच, त्याने ती कमी डकोटा झाली का? आणि तिचा नंबर व्हीपी ९०५ च का, तर ४७ ला श्रीनगरला पहिली उतरली त्या विमानाचा तो नंबर. तुम्ही तोच रूट करताय, वडिलांना शेजारी बसवून. यात मान वाढतोच.

तरी जुनं कॉकपिट एकदा करून बघाच असं सुचवेन. मी करतो ते असं: स्पेरीला जीपीएसची तार नाहीच, त्याला फक्त स्वतःचा जायरो (दिशा धरून ठेवणारी फिरती चकती) कळतो. म्हणून जीपीएस नुसता मांडीवरच्या नकाशासारखा ठेवायचा आणि त्यातले दोनच आकडे बघायचे, डीटीके आणि टीआरके. पहिला म्हणजे कुठल्या दिशेने जायला हवं, दुसरा म्हणजे प्रत्यक्षात जमिनीवरून कुठे सरकताय. नाक कुठे आहे हे जीपीएसला कळत नाही! पश्चिमेचा वारा असेल तर नाक पाच-सात अंश डावीकडे ठेवावं लागेल, तेव्हा कुठे दोन्ही आकडे जुळतील. जुळेपर्यंत स्पेरीचा रडरचा (दिशेचा) नॉब अंशाअंशाने फिरवायचा. उंची तो धरत नाही, एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करायच्या) नॉबने तुम्हीच राखायची, डोंगरांच्या वरच्या हवेत हात सतत तिथेच लागतो.

आणि जायरो सरकतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो, तेही विमान सरळ आणि स्थिर असताना, वळणात होकायंत्र खोटं सांगतं. जुळवण्याआधी ऑटोपायलट बंद करायचा, कारण स्पेरी त्याच जायरोवर चालतो, चालू असताना फिरवलात तर विमान पण फिरेल.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा बसले, नवीन कॉकपिट, सीडीआयचं तर खरंच तेच होतं. पठाणकोटपासून चढले, ३६ इंच, ३०० चा चढ, सगळं छान. पण ११००० च्या आसपास ढगात शिरले आणि डाव्या इंजिनचं प्रेशर उजव्यापेक्षा जास्त पडायला लागलं, थ्रॉटल दोन्ही सारखेच होते. मी पुढे ढकलणार इतक्यात बाबा म्हणाले थांब, कार्ब्युरेटरच्या हवेचं टेंपरेचर बघ. बघितलं तर शून्याच्या जवळ. म्हणाले, "बर्फ धरतोय. गरम हवा दे." दिली, आधी प्रेशर अजून पडलं, मला वाटलं बिघडवलं, तेवढ्यात ते म्हणाले पडू दे, वितळतंय. मिनिटभरात परत वर आलं.

मग बनिहाल आलं. १३००० फूट, खाली खिंड, पुढे ढग संपले आणि सगळं खोरं. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग सांगायला लागले की श्रीनगरला हिवाळ्यात सकाळी इंजिनाचं तेल इतकं घट्ट व्हायचं की चालू करायच्या आधी प्रॉपेलर हाताने फिरवून घ्यायला दोन-तीन माणसं लागायची. हे मी आजपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं. आईनेपण नाही.

२७ ला जुन्या कॉकपिटनेच करणार, ठरलं. एकच राहिलंय, श्रीनगरला उतरल्यावर विमान रनवेवर एका बाजूला गर्रकन फिरतं, शेपटीचं चाक असलेलं विमान मला अजून जमत नाहीये. त्या दिवशी तेवढं होऊ नये.

प्रतिसाद

ताई, शेपटीच्या चाकाचं लॉक लावता का? टॅक्सी करताना काढतो आणि परत लावायचं राहून जातं, बहुतेकांचं तेच होतं. सफदरजंगला रनवेवर सरळ उभ्या राहिलात की लॉक लावायचं आणि श्रीनगरला चालण्याच्या वेगाला येईपर्यंत हात लावायचा नाही. आधी पुढची दोन चाकं टेकवा, थ्रॉटल मागे, शेपटी आपसूक खाली येऊ द्या, आणि मग जॉयस्टिक पूर्ण मागे ओढून धरून ठेवा. पाय रडरवर जिवंत पाहिजेत, छोटे छोटे दाब, एक मोठा नाही. उद्यापासून रोज फक्त श्रीनगरचे दहा लँडिंग करा, ढग नको, वारा नको. शेवटच्या दोन दिवशी वारा चालू करा. आणि काकांना विचारा डकोटा कुठल्या बाजूला ओढायची, त्यांना नक्की माहीत असेल.